खडे बाजारातली घुंगरं: वाजतात बरी, थांबतात त्याहून बरी

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईतल्या पालकांना पुढचं सगळं वाचत बसायला नको. कथकची घुंगरं घ्यायची असतील आणि तुम्ही बेळगावात किंवा खानापूर, निपाणी, चंदगडकडं राहत असाल, तर मोबाईलवरून मागवू नका. शहापूरच्या खडे बाजारात जा, समोर बसून ओवून घ्या. फक्त "गुरुवारी तयार ठेवतो" असं दुकानदार म्हणाले, तर तो गुरुवार कुठल्या आठवड्यातला हे विचारून घ्या. पाचातले चार तारे देते. पाचवा का कापला ते पुढं येईल.

मी टिळकवाडीत कथकचा वर्ग घेते. सहा-सात वर्षांच्या पोरींपासून ते "मुलं मार्गी लागली, आता माझं काहीतरी" म्हणत दुपारी येणाऱ्या बायकांपर्यंत सगळ्या वयाचे पाय माझ्यासमोर असतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुली बसतात, वर्षातून एकदा रंगमंदिरात कार्यक्रम होतो. आणि पालक मला सगळ्यात जास्त वेळा काय विचारतात? "मॅडम, घुंगरं कुठनं घ्यायची?" तंबोरा बिघडला तर गाडीत बसून मिरजेला जाता येतं. तिथल्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तबल्याची वादी ओढून देणारे गावात आहेत. घुंगरांना मात्र कुणी वाली नाही. कार्यक्रमाच्या ओढणीचं मॅचिंग शोधत अख्खी गणपत गल्ली पालथी घालणारी आई घुंगरांचं नाव काढलं की म्हणते, "ते काय, कुठलीपण चालतील की."

कुठलीपण चालत नाहीत. प्रवेशिका परीक्षेला बसणाऱ्या एका मुलीच्या वडिलांनी मोठ्या हौसेनं ऑनलाइन शंभरी जोडी, म्हणजे एकेका पायात शंभर घुंगरं, मागवली. शुद्ध पितळ, व्यावसायिक दर्जा वगैरे सगळं जाहिरातीत होतं. खोकं माझ्यासमोरच उघडलं. चकाकत होती, नाही म्हणत नाही. हातात घेतल्यावर कळलं की ओतीव नाहीत, पत्र्याची आहेत. दोन वाट्या दाबून कडेनं जोडलेल्या, जोडाची रेघ नखाला लागत होती. फटीच्या कडा तशाच सोडलेल्या, बोट फिरवलं तर ओरखडा. दोरी नायलॉनची, आणि घुंगरं तिच्यात नुसती माळेसारखी ओवलेली, चार-पाचांमागं एखादी गाठ. पोरीनं बांधली आणि तत्कार, म्हणजे ता थै थै तत् हे पायांचं काम, सुरू केला. ठाय म्हणजे संथ लयीत ठीक. दुगुनीत गडबड. चौगुनीत एका मात्रेत पाय चारदा पडतो, तिथं नुसता कलकलाट. कुठला ता आणि कुठला थै, तिलाही कळेना आणि मलाही. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पाय थांबला, आणि घुंगरं मागून आणखी खळखळली.

घुंगरांबद्दल माझं जे काही मत आहे ते या खळखळण्यातच आहे. दुकानात लोक घुंगरू हलवून बघतात, वाजलं की खूश होतात. अहो, वाजणारच ते, त्यासाठीच केलंय. बघायचं ते हे की पाय थांबल्यावर ते थांबतं का. तिहाई म्हणजे एकच बोल तीनदा घेऊन समेवर येणं. दमदार तिहाईत एका पल्ल्यानंतर दम घ्यायचा असतो, मग दुसरा पल्ला. तो दम घुंगरांनीच भरून टाकला तर दमदार तिहाई आणि बेदम तिहाई यांत फरक तो काय राहिला? परीक्षक कानानं ऐकतो. त्याला बिचाऱ्याला कसं कळणार की पोरीचा पाय वेळेवर थांबला होता, दोरी थांबली नाही.

कारण साधं आहे. सैल घुंगरू पाय थांबल्यावरही दोरीवर झुलत राहतं, आणि झुललं की आतली गोळी परत आपटते. शेजारच्याला टेकून घट्ट बसलेलं घुंगरू झुलू शकत नाही. आत गोळी तेवढी हलते, आणि दोन्ही बाजूंच्या दाबानं नाद चटकन मिटतो. म्हणजे निम्मं काम ओतणाऱ्याचं आणि निम्मं ओवणाऱ्याचं. ओतणारे लांब आहेत. ओवणारे शहापुरात आहेत, म्हणून हा सगळा प्रपंच.

दुकानाला पाटी नाही. त्यामुळं पाटीवर साठ टक्के कन्नड आहे की नाही, हा आमच्या गावचा लाडका वादही तिथं नाही. नाथ पै चौकाकडून खडे बाजारात शिरलात की सराफी दुकानं मागं पडतात, आणि एका बोळाच्या तोंडाशी रंगीत गोंडे लोंबताना दिसतात. तेच. आत कासरे, म्होरक्या, झुली, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा, देवळातल्या घंटा, गोंधळ्यांना लागणारं सामान. नाचाची घुंगरं मागच्या फळीवर, डब्यांत. पहिल्यांदा गेलेली आई जरा चमकते, "इथं? बैलांच्या दुकानात?" हो, इथंच. दुकान मुळात बैलांचंच आहे, आपण मागाहून आलोय. दुकानाचे मालक, आमचे काका, प्रत्येक माळ देताना कपाळाला लावून देतात, बैलाची असो की माणसाची.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, तोंडावर नाचवाल्यांना तिथं कुणी उभं करत नाही. कर्नाटकी बेंदूर ज्येष्ठी पौर्णिमेला, आपला महाराष्ट्री बेंदूर पुढं आषाढात. सीमाभागातल्या बैलांना दोन्हीकडची चैन आहे, आणि तोवर काकांना श्वास घ्यायला वेळ नसतो.

ओतीव घुंगरं येतात उत्तर प्रदेशातल्या जलेसरहून. एटा जिल्ह्यातलं हे गाव घंटा आणि घुंगरांवरच जगतं. तिथल्या धातुकामालाही भौगोलिक मानांकन आहे. लोखंडाची गोळी मातीच्या गाभ्यात बसवायची, वरून साच्यात पितळ ओतायचं, आणि निवल्यावर खालच्या फटीतून माती झाडून काढायची. गोळी आत राहते, माती बाहेर येते. सगळी येतेच असं नाही. नवी जोडी पहिल्यांदा बांधून नाचलात की फरशीवर तपकिरी भुकटी सांडते. एका पालकांनी त्यावरून "खराब माल दिला" म्हणून मला फोन केला होता. खराब नाही हो, ओतीव असल्याची ती खूण आहे. पत्र्याच्या घुंगरातून काही पडत नाही, पडलीच तर गोळीच पडते.

आता ओवणं. हे काम काकांच्या सूनबाई करतात. काका हिशेब बघतात, बोलतात, चहा मागवतात. खरी कारागीर ती. मी त्यांना वहिनी म्हणते, त्या मला टीचर म्हणतात. कथक त्यांनी कधी शिकलेलं नाही, बसून पाहिलंय की नाही याचीही मला शंका आहे. पण पहिल्याच भेटीत माझी जुनी जोडी उलटीपालटी करून त्यांनी विचारलं, "उजवा पाय जास्त आपटता काय ओ?" तत्कार उजव्या पायानं सुरू होतो, बहुतेक तिहाया उजव्यावर येऊन पडतात. उजव्या दोरीची खालची ओळ झिजून मऊ पडली होती, तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं. तेव्हापासून माझ्या उजव्या जोडीला त्या खालच्या वेढ्याला दोरी जाड घेतात. मी सांगितलेलं नव्हतं.

आधी निवड होते. डब्यातली घुंगरं सुपात ओतायची, एकेक उचलून कानाशी एकदाच झटकायचं आणि डावीकडं किंवा उजवीकडं टाकायचं. वेग असा की मला फरक कळायच्या आत चार-पाच घुंगरं निवडून झालेली. मी विचारलं, काय ऐकता? डावा ढीग दाखवून म्हणाल्या, "ही बोलत्यात." उजवा दाखवून, "ही नुसती बडबडत्यात." बडबडणारी बैलांच्या माळेत जातात. तिथं तेच हवं असतं. बैल रस्त्यावरून येतोय हे लांबून कळलं पाहिजे.

दोरी सुती. सूत वडगावच्या मागवाल्यांकडून येतं, त्याला पीळ घरीच घालतात. पिळलेली दोरी पाण्यात भिजवून, भिंतीतल्या खिळ्याला अडकवून, खाली दगड बांधून रात्रभर ताणून ठेवतात. ही पायरी बाहेरच्या कुठल्याच जोडीत मला आढळली नाही, आणि फरक इथंच पडतो. सुती दोरी घामानं ओली होऊन सैल पडते, मग जोडी घोट्यावरून खाली घसरते, मग पोरी नाच सोडून घुंगरं वर ओढत बसतात. आधीच ताणलेली दोरी आणखी ताणायची ती किती ताणणार? नायलॉनची तर गाठच धरत नाही आणि ते कातडीला काचतं.

मग वहिनी मांडी घालून बसतात, एक पाय पुढं काढतात, दुहेरी दोरीचं टोक अंगठ्यात अडकवतात. घुंगराच्या नाकातून दोरीचा फासा आत घ्यायचा, त्याच फाशातून अख्खं घुंगरू बाहेर काढायचं, खाली ओढून आवळायचं, त्यावर एक गाठ. पुढचं घुंगरू उलट बाजूनं. एक डावं, एक उजवं, असं होत होत दोरी वेणीसारखी दाट भरत जाते आणि घुंगरं आपोआप उभी राहतात. मधूनच ती भरलेली लांबी एका जुन्या लाकडी मुसळाला गुंडाळून बघतात. मुसळ घोट्याइतकं जाड आहे, त्यासाठीच ठेवलंय. कुठं फट दिसली तर तेवढं उसवून परत. लहान पोरींसाठी एक बारकं लाकूड वेगळं आहे. मोजताना तोंडानं आकडा म्हणत नाहीत, दहा झाली की दोरीला नखानं एक चिमटा. शंभर भरल्यावर दोन्हीकडं हातभर दोरी मोकळी सोडून टोकं आवळतात, सुटू नयेत म्हणून मेणात बुडवतात.

मोठ्या परीक्षेला बसणाऱ्या मुलींना लेखी पेपरासाठी नंदिकेश्वराचा अभिनयदर्पण हा नृत्यावरचा जुना संस्कृत ग्रंथ वाचावा लागतो. त्यात घुंगरांवर श्लोक आहे. कांस्याची, सुस्वर, सुरूप घुंगरं असावीत, निळ्या सुतात गाठींनी घट्ट बांधावीत, शंभर किंवा दोनशे. मुली तो पाठ करतात, पेपरात लिहितात आणि नायलॉनमध्ये ओवलेली जोडी पायात घालून प्रात्यक्षिकाला जातात. एकदा एकीला मुद्दाम सोबत नेलं. वहिनींचं काम बघत ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "ताई, गाठींचं ते खरंच असतं होय!" नंतर तिनं हट्टानं निळी दोरी करवून घेतली.

आता ऐकण्याची परीक्षा. दुकानातून बाहेर पडायच्या आधी एवढं करा. जोडी दोन्ही हातांत धरून एकदाच जमिनीच्या दिशेनं झटका द्या आणि हात तिथंच थांबवा. आवाज हाताबरोबर थांबला पाहिजे. मग एका टोकापासून घुंगरं बोटानं टिचकत जा. मुकं घुंगरू लगेच कळतं. शंभरात एखाद-दुसरं निघतं, तिथल्या तिथं बदलून देतात, तोंड वाकडं करत नाहीत. फटीच्या कडांवरून अंगठा फिरवा. शेवटी मुलीच्या पायात बांधून तिला दोन आवर्तनं तत्कार करायला लावा. दुकानात जागा नाही, बोळात करायला लागतं, येणारेजाणारे बघतात. लाजू नका. समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याला आता आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींची चौगुन माहीत आहे.

माझ्या कानाला ही जोडी कशी वाटते? भारी. एकेक पाय स्वच्छ ऐकू येतो. टाचेचा आवाज जाड, पंज्याचा बारीक, आणि दोन्हींच्या मधे मोकळी जागा. कमी आवाजाच्या कामात तर फारच सुख. थोरामोठ्यांच्या मैफलीत शंभर घुंगरांतून एकच घुंगरू वाजवून दाखवायचा प्रकार असतो. तो मला येत नाही आणि माझ्या मुलींना तर नाहीच. पण पाय अलगद टेकवत नेला की या जोडीतली दहा-बारा घुंगरं तेवढी बोलतात, बाकीची थांबून राहतात, इथपर्यंत आम्ही पोचलोय. सैल जोडीवर तेवढंही जमलं नसतं. उणं काढायचं तर एकच. नवी असताना आवाज जरा कोरडा वाटतो. दोरी पायाच्या आकारात बसायला थोडे दिवस जातात, मग गोडी येते.

किती घुंगरं घ्यायची यावर पालकांशी माझी कायम वाजते. लहान पोरींना पंचवीस-पंचवीस पुरे. मग पन्नास. पाय तयार झाला, चौगुन स्वच्छ झाली की शंभर, त्यापुढचं ज्याच्या त्याच्या ताकदीवर. शंभर घुंगरं म्हणजे एका पायाला किलोच्या आसपास वजन. आठ वर्षांच्या पोरीच्या घोट्याला किलो बांधून तिला तासभर पाय आपटायला लावायचे, कशासाठी? शेजारच्या मुलीनं शंभर घेतली म्हणून. तिथं काकांचं मला कौतुक वाटतं. गिऱ्हाईक शंभर मागतंय, पैसे देतंय, तरी मुलीकडं बघून म्हणतात, "पन्नास न्या ओ, पुढच्या वर्षी हिच्यातच वाढवून देतो." आणि खरंच वाढवून देतात. दोरी तेवढी नवी, घुंगरं जुनीच ठेवतात.

भरतनाट्यमवाल्यांसाठी थोडं. आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर भरतनाट्यमचा वर्ग आहे, तिथल्या टीचर कन्नड, आमचं छान जमतं. त्यांच्या मुली पण आता इथूनच गेज्जे, म्हणजे त्यांची घुंगरं, घेतात. ती दोरीत नसतात, पट्ट्यावर ओळींनी शिवलेली असतात आणि मागं बक्कल. पट्ट्याचं चामडं अथणीहून येतं. अथणी म्हणजे कोल्हापुरी चपलांचं गाव, २०१९ चं चपलेचं मानांकन कोल्हापूरइतकंच आपल्या बेळगाव जिल्ह्यालाही आहे, हे आपल्याच लोकांना माहीत नसतं. चामडं चांगलं जाड, टाके दुहेरी. सुरुवातीला वास येतो, जातो. पावसाळ्यात मात्र बुरशी धरतं. वरच्या टीचरनी गेज्जेपूजेसाठी, म्हणजे पहिल्यांदा घुंगरं बांधायच्या विधीसाठी, म्हणून मुलींचे पट्टे आधीच घेऊन कपाटात ठेवले, आणि काढले तेव्हा पांढरे झालेले होते. उन्हात वाळवून, तेलाचा हात फिरवून वापरात आले. ज्यांना चामडं नको असतं त्यांच्यासाठी मखमलीचा पट्टा आहे. तो घेऊ नका. टाके उसवतात.

निपाणीकडच्या एका लावणीच्या पार्टीची चाळ मी तिथं ओवून तयार झालेली पाहिली. उचलून बघितली आणि खाली ठेवली. आमची शंभरी तिच्यापुढं पोरखेळ. त्या बायका ती बांधून रात्र रात्र नाचतात आणि वर लोक म्हणतात लावणी काय, सोपी असते.

आता पाचवा तारा. वेळ. कार्यक्रमाच्या आधी वेळ हातात ठेवून मी जोड्या टाकल्या होत्या. तयार ठेवतो म्हणाले. गेले तर वहिनी माहेरी. परत गेले तर घुंगरं आली नाहीत. मग फोन लागेना. शेवटी रंगमंदिरात मुली उतरल्या त्या एकमेकींची जुनी घुंगरं मागून, एकीच्या पायात पन्नास, दुसरीच्या पायात शंभर, समूहनृत्यात आवाज वरखाली. जोड्या कार्यक्रमानंतर मिळाल्या, उत्तम होत्या, पण बैल गेला नि झोपा केला. काकांना त्याचं फार काही वाटलेलं दिसलं नाही. "पुढच्या वर्षाला झाल्या की ओ," म्हणाले.

दुसरी तक्रार रंगाची. लाल दोरी घेऊ नका. कच्चा रंग आहे, घामानं सुटतो. एकीचे पांढरे मोजे गुलाबी झाले, एकीची चुडीदाराची मोहरी गेली. पांढरी घ्या, किंवा निळी. निळा रंग का टिकतो आणि लाल का नाही, याचं उत्तर काकांकडं नाही, मी विचारून थकले.

पैसे द्यायची पद्धतही मजेशीर आहे. फोनपे चालतं, पण ते काकांच्या मुलाच्या नंबरवर, आणि मुलगा असतो पुण्याला. तुम्ही पैसे टाकायचे, काका पुण्याला फोन लावणार, "आले काय रे?", तो कामात असला तर तुम्ही उभ्या. रोख न्या. बिल मिळत नाही, वहीत नाव लिहितात. पण त्या वहीची गंमत अशी की त्यात प्रत्येक जोडीच्या पुढं घुंगरांचा नंबर म्हणजे आकार, दोरीची जाडी आणि घोट्याचं माप असतं. जोडी परत ओवायला नेली की वही काढतात.

माझ्या शेवटच्या शंभरी जोडीला ओवणावळीसकट साडेतीन हजारांच्या आसपास गेले. ऑनलाइन त्याच्या निम्म्यात मिळते, हे मला माहीत आहे, कृपा करून सांगू नका. घुंगरं वजनावर असतात, पितळेचा भाव वरखाली होतो, त्यामुळं आधी विचारून जा. जुनी ओतीव घुंगरं घरी पडून असतील, आजीची, आत्याची, कुणाचीही, तर तीच न्या. नुसती ओवणावळ सहाशेच्या घरात पडते आणि पितळ जुनं असलं तरी कुरकुर करत नाहीत. उलट वहिनी खूश होतात, म्हणतात जुन्यात हात ओळखीचे असतात.

आपल्याकडच्या पावसाचं सांगते, कारण इथं चार महिने भिंतीसुद्धा घाम गाळतात. घुंगरं चिंचेनं किंवा भांड्यांच्या पावडरीनं घासू नका. पितळ उजळतं, पण पाणी आत जातं, लोखंडाची गोळी गंजते, आणि दिवाळीपर्यंत निम्मी घुंगरं घोगरी. दोरी कुजते ती वेगळीच. नाचून झाल्यावर कोरड्या सुती फडक्यानं पुसायची, पंख्याखाली पसरायची, कापडी पिशवीत ठेवायची. प्लॅस्टिकची पिशवी दिसली की मी पोरींच्या हातातून काढून घेते. हिरवट कळंक आलाच तर कोरड्या ब्रशनं झाडा. आणि बांधायच्या आधी घोट्याला सुती पट्टी गुंडाळा, मोज्यापेक्षा पट्टी बरी, मोजा आत सरकतो.

लहान मुलींसाठी बारीक घुंगरं तिथं नेहमी मिळतील असं नाही. मोठ्या नंबराचाच माल जास्त असतो, कारण तोच बैलांना, गोंधळ्यांना आणि लावणीला पण चालतो. आधी फोन करून विचारता आलं असतं, पण फोनचं वर सांगितलंच.

गाडी नाथ पै चौकाच्या अलीकडंच लावा, बोळात रिक्षासुद्धा वळत नाही. दुपारी चारनंतर जा. सकाळी वहिनी नसतात, आणि काका एकटे असले तर "मी देतो की ओवून, बसा" म्हणतात. बसू नका. घुंगरं तेवढी निवडून बाजूला ठेवायला सांगा, वहीत नाव घाला आणि वहिनी आल्यावर परत जा.